हौशी रेडिओचा पहिला परवाना

भ्रमणध्वनी विकत घेणाऱ्याची कोणी परीक्षा घेत नाही. त्याच्या हातातील उपकरण हे रेडिओ लहरी सोडणारे एक लहानसे प्रेषणकेंद्रच असते. तरीही ते चालविण्यापूर्वी त्याला विद्युत्‌शास्त्रातील एकही प्रश्न विचारला जात नाही. याउलट, घराच्या गच्चीवर तार ताणून, पाच-दहा वॅट शक्तीच्या प्रेषकाने दूरच्या गावातील मित्राशी बोलू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र लेखी परीक्षा द्यावी लागते, शासनाकडे अर्ज करावा लागतो आणि परवाना हाती येईपर्यंत थांबावे लागते. हा भेद प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. परंतु त्यामागील कारण एकदा ध्यानात आले, म्हणजे या परीक्षेत काय विचारतात आणि तेच का विचारतात, याचा आपोआप उलगडा होतो. म्हणून आरंभ तेथूनच करणे सोयीचे होईल.

भ्रमणध्वनीने कोणत्या कंप्रतेवर बोलावे आणि किती शक्ती वापरावी, हे त्याचा निर्माता आणि त्याला सेवा पुरविणारी यंत्रणा ठरविते. उपकरणाची कसोटी कारखान्यात झालेली असते; ग्राहकाला त्यात फेरबदल करता येत नाही. हौशी रेडिओचालकाची गोष्ट निराळी आहे. तो प्रेषक स्वतः बांधू शकतो, तयार प्रेषक घेतला तरी त्यात बदल करू शकतो, नेमून दिलेल्या पट्ट्यात हवी ती जागा निवडू शकतो. रेडिओ लहरींचा उपयोग करणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही वर्गास एवढी मोकळीक नाही. विमानाचा वैमानिक किंवा पोलीस चौकीवरील शिपाई आपल्या बिनतारी यंत्राचे झाकण उघडून आतील वेटोळे बदलू लागला, तर ते कोणी खपवून घेणार नाही! हौशाच्या यंत्राची आगाऊ कसोटी घेणे अशक्य असल्यामुळे शासन त्याची स्वतःची कसोटी घेते.

‘हौशी’ या शब्दाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. मराठीत तो नाटकमंडळींमुळे रुळला आहे, आणि त्यात किंचित कच्चेपणाची छटा आहे. बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रात ‘हौशी’ म्हणजे ज्याचा आर्थिक लाभाचा हेतू नाही असा, इतकाच अर्थ घ्यावयाचा. जगभर या मंडळींना ‘हॅम’ असे म्हणतात. त्या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी अनेक कथा आहेत, पण त्यांपैकी एकही निःसंशय सिद्ध झालेली नाही, म्हणून त्या येथे देत नाही.

कच्चेपणाची शंका फेडण्यास इतिहास पुरेसा आहे. अमेरिकेत १९१२ साली झालेल्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड तरंगलांबीच्या लहरींत ढकलले. कारण लांब पल्ल्याच्या संदेशवहनास या लहरी निरुपयोगी आहेत, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा समज होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर फ्रान्समधील लेऑं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्‌झ या हौशांनी अटलांटिक महासागराच्या आरपार परस्परांशी संभाषण केले. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, न्यूझीलंडमधील एका मेंढवाड्यावरून फ्रँक बेल यांनी पाठविलेल्या संदेशास लंडनच्या मिल हिल शाळेतून उत्तर मिळाले. उत्तर देणारा सेसिल गॉयडर हा शाळेचा विद्यार्थी होता. हाच गॉयडर पुढे १९३६ साली भारतात आला आणि आकाशवाणीचा मुख्य अभियंता झाला. या देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचणाऱ्या लघुलहरी नभोवाणीची मांडणी ज्याच्या देखरेखीखाली झाली, तो मुळात शाळेच्या प्रयोगशाळेतला हौशी होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. भारतात या छंदाचा आरंभ त्याच्याही आधी, १९२१ साली, अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि त्यांच्यापाठोपाठ मुकुल बोस यांनी केला.

मीटर आणि मेगाहर्ट्‌झ

परीक्षेच्या अभ्यासक्रमातील पहिला धडा लहरींचा. दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात. व्यवहारात ‘फ्रिक्वेन्सी’ हाच शब्द चालतो. सेकंदास दहा लक्ष आंदोलने म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ. रेडिओ लहर एका सेकंदात सुमारे ३० कोटी मीटर अंतर तोडते. त्यामुळे ३०० या संख्येस मेगाहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते, आणि तरंगलांबीने भागले की कंप्रता मिळते.

आपल्याच इतिहासातील एक उदाहरण घेऊ. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात ‘चले जाव’ आंदोलनाच्या ऐन भरात मुंबईतून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालू केले. हे केंद्र आपली तरंगलांबी ४२.३४ मीटर असल्याचे जाहीर करीत असे. ३०० ला ४२.३४ ने भागल्यास सुमारे ७.०९ मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता येते. आज भारतातील हौशांना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ हा जो पट्टा दिलेला आहे, आणि ज्याला बोलीत ‘चाळीस मीटर’ म्हणतात, त्याच्या बरोबर आत ही जागा पडते. महायुद्धामुळे त्या वेळी हौशांचे परवाने स्थगित होते, आणि परकीय सत्तेकडून परवाना मागण्याचा प्रश्नच नव्हता. पोलिसांना चुकविण्यासाठी केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी उषा मेहता पकडल्या गेल्या. प्रेषक कितीही लपविला तरी त्याच्या लहरी लपत नाहीत, आणि त्यांच्या मागाने उगमापर्यंत पोचता येते, ही गोष्ट परवान्यावाचून प्रेषक चालवून पाहण्याचा मोह होणाऱ्या आजच्या तरुणानेही लक्षात ठेवण्यासारखी आहे. फरक इतकाच, की त्याच्यापाशी उषा मेहतांचे कारण नसते.

हाच भागाकार अँटेना बांधताना उपयोगी पडतो. सर्वांत साधी आणि नवशिक्याला सर्वांत हितकारक अँटेना म्हणजे मध्यभागी तोडून तेथे पुरवठ्याची केबल जोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची तार. ७.१ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सव्वाबेचाळीस मीटर. तिचे अर्ध एकवीस मीटर आणि थोडे वर. तारेच्या टोकांशी होणाऱ्या परिणामांमुळे प्रत्यक्षात ती सुमारे पाच टक्के आखूड घ्यावी लागते. म्हणजे वीस मीटर, मध्यापासून प्रत्येक बाजूस दहा-दहा. शहरातील गच्चीवर एवढी सरळ जागा मिळत नाही; तेव्हा मध्य उंच बांधून दोन्ही टोके उतरती सोडली तरी चालते. मात्र वीजमंडळाच्या तारांच्या खालून, वरून किंवा जवळून अँटेनेची तार नेऊ नये. या बाबतीत कोणताही अपवाद करू नये. वाऱ्याने तार तुटून विजेच्या वाहिनीवर पडली, तर ती चूक सुधारण्याची संधी मिळत नाही.

प्रेषकाची शक्ती वाढविण्यापेक्षा अँटेना सुधारण्यावर श्रम खर्च करावेत, असे अनुभवी चालक सांगतात, आणि त्यात गणिती सत्य आहे. पाच वॅटचे वीस वॅट केले, म्हणजे शक्ती चौपट केली, तरी ऐकणाऱ्याच्या ग्राहीवरील मापनात ठरलेल्या प्रमाणानुसार एकाच पायरीची वाढ होते. शिवाय चांगली अँटेना बोलण्यास जितकी उपयोगी, तितकीच ऐकण्यासही. वाढविलेल्या शक्तीचा ऐकण्यास काय उपयोग?

विद्युत्‌शास्त्राचा भाग

अभ्यासक्रमाचा हा भाग शालेय पदार्थविज्ञान नीट शिकलेल्यास जड जाऊ नये. ओहमचा नियम, रोधकांची एकसर व अनेकसर जोडणी, धारित्र, वेटोळे, प्रत्यावर्ती प्रवाह, अर्धसंवाहक: हे घटक कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात, म्हणून येथे त्यांचा विस्तार करीत नाही. गणिते मात्र स्वतःच्या यंत्रावर घालून पाहावीत. समजा, प्रेषक १३.८ व्होल्ट दाबावर २ अँपिअर प्रवाह घेतो आणि अँटेनेला १५ वॅट देतो. त्याने घेतलेली शक्ती २७.६ वॅट झाली, उरलेले १२.६ वॅट उष्णतेच्या रूपाने त्याच्या पाठीवरील धातूच्या पंख्यांतून बाहेर पडतात. हे एकदा हाताला जाणवले की कार्यक्षमतेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

ज्यावर थोडे थांबावे असा विषय म्हणजे अनुस्पंदन. झोपाळ्यावर बसलेल्या मुलास भलत्या वेळी धक्का दिला तर झोका मोडतो. त्याच्या स्वाभाविक लयीस धरून हलके धक्के दिले तर तोच झोका आभाळाला भिडतो. वेटोळे आणि धारित्र एकत्र जोडले म्हणजे त्यांनाही अशी स्वतःची एक लय प्राप्त होते. असंख्य केंद्रांच्या लहरी एकाच तारेवर येऊन आदळत असता ग्राही त्यांतून एकच निवडून घेतो, तो या गुणाच्या बळावर.

परंतु केवळ एवढ्याने निवड पुरेशी बारीक होत नाही. म्हणून आधुनिक ग्राहीत आलेल्या लहरीत एक स्थानिक लहर मिसळून दोहोंच्या फरकाची, ठराविक कंप्रतेची लहर काढतात आणि तिचेच विवर्धन करतात. ही ठराविक कंप्रता ०.४५५ मेगाहर्ट्‌झ धरली, तर ७.१ मेगाहर्ट्‌झ ऐकण्यासाठी स्थानिक लहर ७.५५५ ची हवी. आता ८.०१ मेगाहर्ट्‌झवर एखादे बलवान केंद्र असेल, तर त्याचा आणि ७.५५५ चा फरकही नेमका ०.४५५ च येतो! ग्राहीच्या दारातील गाळणी कच्ची असेल, तर हे केंद्र ७.१ वर ऐकू येते, वस्तुतः ते तेथे नसताना. या भुतास ‘प्रतिमा कंप्रता’ म्हणतात, आणि परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे. सूत्र घोकण्यापेक्षा कागदावर दोन वजाबाक्या करून पाहाव्यात.

प्रेषकाच्या बाजूस याहून गंभीर दोष संभवतो. प्रेषकातील विवर्धक बिघडलेला किंवा प्रमाणाबाहेर ताणलेला असला, म्हणजे मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेच्या लहरीही बाहेर पडतात. ७.१ मेगाहर्ट्‌झच्या अशा लहरी १४.२, २१.३ आणि २८.४ वर येतात. नवल असे, की या तिन्ही जागा हौशांच्याच पट्ट्यांत आहेत. म्हणजे या पट्ट्यांच्या रचनेमुळे हौशाच्या चुकीचा उपद्रव प्रथम हौशालाच होतो. पण पाचपट, म्हणजे ३५.५ मेगाहर्ट्‌झ, ही जागा दुसऱ्यांची आहे. तेथे कोणाचे काय काम चालू आहे हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. आपला प्रेषक त्यात व्यत्यय आणीत आहे, हेही कळत नाही. म्हणून प्रेषक आणि अँटेना यांच्यामध्ये ठराविक मर्यादेवरील कंप्रता अडविणारी गाळणी बसवितात. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या एका घटकात साठविलेले आहे. भ्रमणध्वनीतील अशा गाळणीची काळजी कारखान्याने घेतलेली असते. हौशाला ती स्वतः घ्यावी लागते.

नियमांचा भाग हा शास्त्रापासून वेगळा, पाठांतराचा विषय आहे, असे समजणारे विद्यार्थी येथेच अडतात. चाळीस मीटरच्या पट्ट्याचा आरंभ ७.० मेगाहर्ट्‌झवर होतो. एखाद्याने आपल्या यंत्राची तबकडी ७.००१ वर ठेवून भाषण सुरू केले. आकडा पट्ट्याच्या आत आहे. मग गुन्हा कोठे झाला? या पट्ट्यात भाषणासाठी प्रथेनुसार खालची बाजूपट्टी वापरतात, आणि मानवी आवाजाची बाजूपट्टी जवळजवळ तीन किलोहर्ट्‌झ रुंद असते. म्हणजे त्याच्या लहरी ६.९९८ पर्यंत खाली उतरल्या, आणि तबकडीवरील आकडा निर्दोष असूनही नियमभंग झाला.

ऐकणे

परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वी निदान दोन-तीन महिने केवळ ऐकावे. लघुलहरी ऐकू शकणारा आणि बाजूपट्टीचे भाषण उलगडू शकणारा कोणताही ग्राही चालेल. रविवारी सकाळी चाळीस मीटरवर भारतीय हौशांची गजबज असते. काही दिवसांतच ध्यानात येईल की हा पट्टा दिवसा काही शे किलोमीटरच्या टापूत बोलका असतो आणि रात्री त्यावर दूरचे देश उतरू लागतात. भूपृष्ठापासून सुमारे ६० किलोमीटरवरून आरंभ होणाऱ्या आयनांबराचा हा खेळ आहे. सूर्यप्रकाशात त्याचा सर्वांत खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि लहरी दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरील थरापर्यंत पोचून परतू लागतात. कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबरावर केलेले संशोधन आणि त्यांचा १९४७ सालचा ‘द अपर अ‍ॅटमॉस्फिअर’ हा ग्रंथ जगभर मान्यता पावलेले आहेत. जिज्ञासूंनी तिकडे वळावे. दोन मीटरचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मात्र सामान्यतः आयनांबरातून परतत नाही. तेथे दृष्टीच्या टप्प्यातला व्यवहार चालतो, म्हणून डोंगरमाथ्यावर पुनःप्रेषक उभारतात. या पट्ट्यांवरून उपग्रहाशीही संधान बांधता येते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ हा खास हौशांसाठी बनविलेला उपग्रह दोन वर्षे चालावा अशी अपेक्षा होती. तो २०१४ पर्यंत चालला.

ऐकताना या मंडळींची भाषा कानावर पडते. ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण, ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्या केंद्राचा व्यत्यय, ‘क्यूआरएन’ म्हणजे निसर्गाचा खडखडाट, ‘क्यूएसएल’ म्हणजे पोच. हे संकेत मूळचे तारयंत्राच्या सोयीसाठी केलेले असले तरी भाषणातही रूढ आहेत, आणि परीक्षेत विचारले जातात. निरोप घेताना ‘सेव्हन्टी-थ्री’ म्हणतात. तो आपला नमस्कार.

मोर्सच्या सांकेतिक लिपीविषयी नवशिक्याच्या मनात धास्ती असते. २००३ साली जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची सक्ती ज्या त्या देशाच्या इच्छेवर सोपविली, आणि आता भारतातील प्रारंभिक श्रेणीसाठी मोर्सची परीक्षा नाही. तथापि ती शिकावी, असे आमचे मत आहे. क्षीण, गोंगाटात बुडालेला संदेश भाषणाच्या रूपात हरवतो, तेथे मोर्स टिकते. शिकताना ठिपके आणि रेघा डोळ्यांपुढे आणू नयेत. तबला शिकणारा जसे बोल तोंडाने म्हणतो, तसे प्रत्येक अक्षर नादरूपाने मुखोद्गत करावे. भारतीय हौशांच्या संकेतनामाचा आरंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. तो ‘डि-डि-डि-डा, डि-डि-डा’ असा. सर्वांना उद्देशून घातलेली साद ‘सीक्यू’. ती ‘डा-डि-डा-डि, डा-डा-डि-डा’ अशी. मिनिटास आठ शब्द हा पूर्वापार मागितला गेलेला एक वेग आहे. पाच अक्षरांचा एक शब्द धरतात, तेव्हा मिनिटास चाळीस अक्षरे झाली. रोज वीस मिनिटे दिल्यास काही महिन्यांत तेवढे साधते. आठवड्यातून एकदा तीन तास दिल्यास साधत नाही.

परवाना

१९७८ च्या नियमांनी आणि त्यांतील पुढील दुरुस्त्यांनी सामान्य आणि मर्यादित अशा दोन श्रेणी ठरविल्या, आणि किमान वय १२ वर्षे ठेवले. नवशिक्याने मर्यादित श्रेणीपासून आरंभ करावा. प्रश्नपत्रिकेचे दोन विभाग असतात, एक रेडिओचे शास्त्र व व्यवहार यांचा, दुसरा नियमांचा, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. हा कारभार केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे आहे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानंतर जुन्या कायद्यांखालील नियमांची फेरमांडणी होत असल्याने शुल्क, मुदत, शक्तीची मर्यादा यांसारखे तपशील अर्जाच्या वेळी याच शाखेच्या ताज्या सूचनांतून घ्यावेत. एखाद्या जुन्या पुस्तिकेवर विसंबू नये.

नियमांतील काही तत्त्वे मात्र देशोदेशी सारखी आहेत. संभाषणात आपले संकेतनाम सांगितले पाहिजे. गुप्त भाषा वापरता येत नाही, गाणी वाजविता येत नाहीत, व्यापाराचे निरोप देता येत नाहीत, आणि सामान्य परिस्थितीत तिऱ्हाइताचा संदेशही पोचविता येत नाही. संकटग्रस्ताचा संदेश ऐकू आल्यास आपले बोलणे तत्काळ थांबवावे लागते. शेवटच्या नियमाचे मोल २६ डिसेंबर २००४ रोजी दिसले. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या महिन्यात पोर्ट ब्लेअरला केवळ छंदापोटी गेले होते; अंदमानातून प्रेषणाची परवानगी क्वचितच मिळत असल्याने जगभरचे हौशी त्यांच्याशी संपर्क साधण्यास रांगा लावून होते. त्या दिवशी सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले. भारती प्रसाद यांनी छंदाचा कार्यक्रम तेथेच थांबविला. त्यांची यंत्रे मुख्य भूमीशी बातम्यांची आणि नातेवाइकांच्या चौकशीची ने-आण करू लागली. आदल्या दिवसापर्यंत ज्या जागेसाठी झुंबड उडाली होती, ती मोकळी ठेवण्याचे काम आता दूरदूरच्या हौशांकडे होते, आणि गप्प राहणे हीच त्यांची मदत होती.

परवाना हाती आल्यावर पहिली साद घालण्यापूर्वी निवडलेल्या कंप्रतेवर काही वेळ कान द्यावा. शांत वाटली तरी ‘ही जागा वापरात आहे काय?’ असे विचारावे, कारण दोघांपैकी एकाचेच बोलणे आपल्याकडे पोचत असेल आणि तो या क्षणी ऐकत असेल. उत्तर न आल्यास पुन्हा एकदा विचारावे, मग साद घालावी. संभाषण संपले की नोंदवहीत तारीख, वेळ, कंप्रता, समोरच्याचे संकेतनाम आणि आवाजाची प्रत लिहून ठेवावी. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिण्याची रीत आहे. त्यासाठी आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करावेत, आणि पहाटे साडेपाचपूर्वीच्या संभाषणास आदल्या दिवसाची तारीख घालावी.